त्या त्या गावची बिअर

बिअरला वास असतो, आणि तो नावानिशी ओळखता येतो, हे मला पुण्यात डूलाली सुरू झाली तेव्हा कळलं. २००९ साली कोरिंथियन्स क्लबमध्ये सुरू झालेली ही देशातल्या अगदी पहिल्या काही मायक्रोब्रुअरींपैकी, म्हणजे थोडी थोडी बिअर तिथेच बनवून तिथेच वाढणाऱ्या जागांपैकी, एक. समोर आलेली बिअर गढूळ होती. तोवर बिअर म्हणजे सोनेरी, आरपार दिसणारी आणि दात ठणकतील इतकी गार, एवढंच आम्हाला ठाऊक. त्यामुळे टेबलावर जरा कुजबुज झाली. मी ग्लास नाकाशी नेला आणि पिकलेल्या केळ्याचा वास आला. त्याच्यामागून लवंग. ‘यात केळं घालता का?’ असं विचारलं, तर वाढणारा मुलगा म्हणाला, ‘नाही मॅडम. गहू, बार्ली, हॉप्स, यीस्ट आणि पाणी. बाकी काही नाही.’ (हॉप्स म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी एका वेलीची फुलं.)

ती हेफेवायझन होती, जर्मनीच्या बव्हेरियातली गव्हाची बिअर. तिच्यातला केळ्याचा वास यीस्ट तयार करतं. पिकलेल्या केळ्यात जे आयसोअमाइल अ‍ॅसिटेट असतं, तेच हे यीस्ट आंबवताना सोडतं; लवंगेच्या वासाचं द्रव्यही त्याच्याच करणीतून येतं. आंबवताना उष्णता जरा वाढू दिली की केळं पुढे येतं, खाली ठेवली की लवंग. डोळ्यांना न दिसणाऱ्या एका जिवाने धान्यातून हे वास काढावेत, आणि टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसाने तापमान दोन अंश इकडे, दोन अंश तिकडे करून त्याच्याकडून हवा तो वास काढून घ्यावा, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

आपल्याकडे बिअरविषयी बोलणं होतं ते बहुतेक ‘चढली’ की ‘नाही चढली’ एवढंच. भारतात खपणाऱ्या बिअरमध्ये स्ट्राँग बिअरचा, म्हणजे पाच टक्क्यांच्या वर आणि आठ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या बिअरचा वाटा फार मोठा आहे. तेवढ्याच पैशांत जास्त काय पदरात पडतं, असा तो साधा हिशोब. मध्यमवर्गीय मराठी घरांत तर पिणं ही एक तर लपवायची गोष्ट, नाही तर लग्नाच्या आदल्या रात्री गच्चीवर घाईघाईने उरकायची. चवीला कशी होती, असं कुणी विचारत नाही. हापूस देवगडचा की रत्नागिरीचा यावर आपण जेवणं थांबवून वाद घालतो. आमटीत गोडा मसाला कुणाच्या घरचा आहे हे पहिल्या भुरक्यात सांगतो. तीच जीभ बिअरपाशी मुकी का व्हावी? मला हे मनापासून खटकतं, आणि हा लेख लिहिण्याचं ते एक कारण आहे.

आमच्या घरी मग एक रीत पडली. शुक्रवारी रात्री जेवणाआधी एकच बाटली किंवा एकच कॅन उघडायचा, आणि तो चौघांत वाटून घ्यायचा. मी, नवरा, आणि खालच्या मजल्यावरचं एक जोडपं. प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा ग्लासही येत नाही, आणि तेच बरं. थोडं असलं की माणूस लक्ष देतो. फ्रिजमधून काढल्यावर बाटली दहा-पंधरा मिनिटं ओट्यावर ठेवायची, कारण अतिगार बिअरला वास नसतो. थंडीने जीभही बधिर होते. फिकट सोनेरी पिल्सनर गारच हवी, पण काळीभोर, भाजक्या चवीची स्टाउट किंवा बेल्जियन एल (जरा उबदार तापमानात आंबवलेली बिअर) गारठा उतरून दहा-बारा अंशांवर आली, की बोलायला लागते. ग्लासात साबणाचा किंवा तेलाचा अंशसुद्धा नको, नाही तर फेस बसून जातो. आणि फेस हवा. आपल्याकडे फेस म्हणजे दुकानदाराने मारलेलं माप असं समजून लोक ग्लास तिरका धरून तो टाळतात. पण बिअरचे वास नाकापर्यंत येतात ते या फेसातूनच.

या शुक्रवारांत सगळ्यांत तल्लख नाक निघालं ते आमच्या आईंचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं. त्या थेंबही घेत नाहीत. सुरुवातीला टेबलाच्या पलीकडे भाजी निवडत बसायच्या. एकदा बेल्जियन विटबिअर होती, फिकट, ढगाळ, आणि आम्ही चौघं तिच्यातला एक वास शोधत अडकलो होतो. लिंबू म्हणून झालं, गवती चहा म्हणून झालं. आई म्हणाल्या, ‘आण गं इकडे, वास घ्यायला काय जातंय!’ ग्लास हातात घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, ‘धने आहेत. भाजलेले नाहीत, कच्चे कुटलेले.’ विटबिअरमध्ये धने आणि संत्र्याची वाळलेली साल घालतात हे बाटलीच्या मागे बारीक अक्षरांत छापलेलं होतं. आमच्यापैकी कुणीच ते वाचलं नव्हतं. बेल्जियमच्या हूगार्डन गावात ही बिअर शतकानुशतकं बनत होती. १९५७ साली तिथली शेवटची ब्रुअरी बंद पडली आणि १९६० च्या दशकात पिएर सेलिस नावाच्या एका दूधवाल्याने ती पुन्हा सुरू केली. हे मी आईंना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘मधली वर्षं लोक काय प्यायले असतील गं?’ त्यांना वाईट वाटलं होतं. एखाद्या गावची चव नाहीशी होणं म्हणजे काय, हे त्यांना माझ्याआधी कळलं.

तेव्हापासून आई आमच्या पंच आहेत. स्टाउट त्यांना ‘करपलेल्या कॉफीचा’ वास म्हणून आवडत नाही. अमेरिकन हॉप्सच्या पेल एलमध्ये त्यांनी पपनस ओळखलं. कॅस्केड जातीच्या हॉप्सबद्दल सगळीकडे हेच लिहिलेलं असतं. आणि हिरव्या बाटलीतली एक परदेशी बिअर त्यांनी लांबूनच परत केली. हिरवी काच उजेड अडवत नाही. हॉप्समधल्या कडू द्रव्यावर उजेड पडला की त्यातून एक घाणेरडा, गंधकी वास तयार होतो; दुकानाच्या काउंटरवर ट्यूबलाइटखाली मांडून ठेवलेल्या बाटल्यांत तो हमखास असतो. तपकिरी काच बरी, कॅन त्याहून बरा. बाटलीवरची तारीख पाहिल्याशिवाय मी आता काहीच घेत नाही. बिअर ही भाजीसारखी ताजी घ्यायची वस्तू आहे. काही जड, दीर्घकाळ मुरणाऱ्या बिअर सोडल्या तर ती दिवसागणिक उतरत जाते, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात उघड्या ट्रकमधून आलेली तर फारच लवकर. टाळेबंदीच्या काळात, २०२० साली, मायक्रोब्रुअरींना ग्राउलरमधून, म्हणजे घट्ट बुचाच्या मोठ्या बाटलीतून, बिअर घरी न्यायला देण्याची मुभा मिळाली, तेव्हा टाकीतून सकाळी भरलेली बिअर रात्री ओट्यावर आली, आणि ताजेपणा म्हणजे काय हे आमच्या चौघांच्याही जिभेवर कायमचं बसलं.

याच टेबलावर एकदा आयपीए उघडली होती, गोवा ब्रुइंग कंपनीची. इंडिया पेल एल. नावात आपला देश असल्यामुळे आम्ही सगळे जरा सरसावून बसलो. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातली हॉजसनची ब्रुअरी ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर बिअर चढवायची. सुएझचा कालवा व्हायला अजून सुमारे पाऊण शतक होतं. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून महिनोन्‌महिने प्रवास करत मुंबईला, मद्रासला, कलकत्त्याला पोचायची. हॉप्स बिअर टिकवतात, म्हणून त्या जास्त घालायच्या. पुढे इंग्लंडमधल्याच बर्टन-ऑन-ट्रेंट गावाने हा धंदा हॉजसनकडून ओढून घेतला, आणि त्यात मोठा हात होता तिथल्या पाण्याचा. त्या पाण्यात जिप्सम भरपूर, त्यामुळे हॉप्सचा कडवटपणा स्वच्छ, खणखणीत उतरतो. उलट आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या पिल्झनचं पाणी अगदी मऊ. तिथे १८४२ साली योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने जी सोनेरी बिअर केली, तिच्या नकला आज जगभर विकल्या जातात. तीच बार्ली, तेच हॉप्स घेऊन ही दोन गावं एकमेकांची बिअर करू शकली नसती. हे वाचलं आणि मला वाटलं, बाटल्या घरी मागवून किती मागवणार? बिअर प्रवासात थकते. त्यापेक्षा आपणच निघावं.

बंगळुरूला जाणं-येणं कामानिमित्त होतंच. इंदिरानगरच्या टॉइट या मायक्रोब्रुअरीत (२०१० पासूनची) संध्याकाळी जागा मिळवण्यासाठी उभं राहण्यातही मजा होती. पण मनात घर करून राहिली ती जर्मनीतल्या बामबेर्गची वारी.

न्यूरेंबर्गहून आगगाडीने तासाभराच्या आत बामबेर्ग येतं. जुनं गाव नदीच्या दोन्ही अंगांना, वर टेकडीवर कॅथेड्रल, आणि त्याच्या पायथ्याच्या गल्लीत श्लेंकेर्ला, स्वतःची बिअर वाढणारी जुनी खानावळ. या घराचा पहिला उल्लेख १४०५ सालचा. काळपट लाकडी तुळया, लांब बाकं, आणि कुणाच्याही शेजारी जाऊन बसायची रीत. इथली बिअर धुराची. बार्लीला मोड आणल्यावर ती वाळवायला लागते. इथे ती बीच नावाच्या झाडाच्या लाकडांवर, त्याच्या धुरात वाळवतात. पूर्वी सगळीकडेच माल्ट, म्हणजे हे मोड आलेलं धान्य, जाळावर वाळायचं, त्यामुळे थोडाफार धूर सगळ्याच बिअरमध्ये असायचा. मग धुराविना वाळवणाऱ्या भट्ट्या आल्या आणि जगाने सुटकेचा श्वास टाकून धूर सोडला. बामबेर्गमधल्या दोन घरांनी तो सोडला नाही: एक श्लेंकेर्ला, दुसरं नदीपलीकडचं १५३६ सालचं श्पेत्सियाल.

पहिला घोट मला अवघड गेला, हे मान्य करायला हरकत नाही. गडद तपकिरी बिअर, लाकडी पिंपातून थेट ग्लासात आलेली, आणि तोंडात धूरच धूर. शेजारी एक आजोबा एकटेच जेवत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि तीन बोटं दाखवली. तिसऱ्या ग्लासाला आवडते, असा त्याचा अर्थ. गावात हे सगळेच सांगतात. तीन ग्लास मला झेपणारे नव्हते. पण एकच ग्लास मी तासभर घेतला, आणि त्या तासात धूर हळूहळू मागे सरला. नाक त्याला सरावतं. मग त्याच्या आडून ब्रेडच्या करपट कडेचा गोडवा दिसायला लागतो, मग एक कोरडा, स्वच्छ कडवटपणा. आजोबांनी दुसऱ्या ग्लासापर्यंत एक शब्द बोलला नाही, आणि मग आपलं जेवण संपवून इंग्रजीत विचारलं की भारतात बिअर कशाची करतात. मी म्हटलं, बार्लीची, आणि स्वस्त पडावी म्हणून बरेचदा तांदळाचीही. ‘बार्ली तुमचीच?’ त्यांनी विचारलं.

ती राजस्थान-हरयाणात होते हे मी सांगितलं. पण मायक्रोब्रुअरीत जे प्यायले होते, त्यातलं बरंचसं माल्ट बाहेरून येतं हेही मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी स्टेशनकडे जाताना लाल विटांची एक जुनी कारखान्याची इमारत दिसली: वायरमान. १८७९ पासून इथे माल्ट बनतं आणि जगभर जातं. याच नावाची पोती मी पुण्याच्या, बंगळुरूच्या ब्रुअरींच्या कोपऱ्यात रचलेली पाहिली होती. म्हणजे मी हौसेने ‘आपली पुण्याची बिअर’ म्हणत होते ती या गावच्या माल्टवर उभी होती. पाणी आपलं, हात आपले, धान्य आणि हॉप्स दुसऱ्यांचे. यात कमीपणा नाही. पण आजोबांचा प्रश्न मला पुढे सोडेना.

ब्रुसेल्सला गेले ती काँतियाँ पाहायला. मिडी स्टेशनपासून चालत जाता येतं, आन्देर्लेख्ट भागातली साधी कामगार वस्ती, गॅरेज, आणि त्यातच एक जुनाट दार. १९०० सालापासून एकाच कुटुंबाकडे असलेली ही ब्रुअरी लांबिक बनवते. इथे यीस्ट विकत आणत नाहीत. १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये एमिल हान्सेनने यीस्टचा एकच शुद्ध वाण वेगळा काढला, आणि त्यानंतर जगातल्या जवळजवळ सगळ्या ब्रुअरींनी वाण निवडून, बाकी सगळ्यांना दाराबाहेर ठेवून काम करायला सुरुवात केली. लांबिकवाले मात्र दार उघडंच ठेवतात. माळ्यावर तांब्याची एक रुंद, उथळ परात आहे, खोलीएवढी. बार्लीचं माल्ट आणि कच्चा गहू यांचा उकळलेला रस रात्री त्यात ओततात आणि छपराच्या फटी उघडतात. थंड वारा येतो, आणि त्या वाऱ्यातलं, तुळयांवरचं, कौलांमधलं जे काही जिवंत असेल ते रसात उतरतं. सकाळी रस लाकडी पिंपांत भरायचा आणि एक, दोन, तीन वर्षं थांबायचं. कोळिष्टकं झाडत नाहीत. कोळी चिलटांना खातात. हॉप्स मुद्दाम जुन्या, वास गेलेल्या घेतात, कारण त्यांच्याकडून फक्त टिकवण्याचं काम हवं असतं.

पिंपांच्या खोलीत पाऊल टाकलं आणि मी जागीच थांबले. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घातलेल्या पातेल्याचं झाकण तिसऱ्या दिवशी उघडावं, तसा तो वास होता: आंबट, ओलसर, जरासा नकोसा, आणि तरीही पुन्हा घ्यावासा वाटणारा. त्याच्याखाली जुनं लाकूड, दमट दगड. सोबतची मंडळी नाक मुरडत होती, आणि मी मात्र चैत्रातल्या आमच्या अंगणात उभी होते.

तिथे ग्लासात दिली ती ग्यूझ: एक, दोन आणि तीन वर्षांच्या लांबिकचं मिश्रण, बाटलीत पुन्हा आंबवलेलं. नव्या लांबिकमध्ये साखर उरलेली असते, तीच बुडबुडे आणते. जुनी खोली देते. चव आंबट, इतकी की जबडा आवळतो, आणि मग गवत, सफरचंदाची साल, घोड्याच्या जिनासारखं काहीतरी. किती मिसळायचं हे मोजून ठरवत नाहीत, पिंपापिंपातून चाखून ठरवतात. बनवणारा माणूस दर वर्षी हवेच्या भरवशावर बसतो. रात्री पुरेशा थंड हव्यात, नाहीतर नको ते जीव रसात शिरतात. म्हणून हे काम साधारण ऑक्टोबरअखेर ते वसंतापर्यंतच चालतं, आणि हिवाळे उबदार होत चालल्याने हे दिवस कमी होत चालले आहेत. बेल्जियमची बिअरसंस्कृती २०१६ साली युनेस्कोच्या वारसा यादीत गेली. यादी हवीच. पण ती रात्रीचा गारवा परत आणू शकत नाही. त्या माळ्यावर उभं राहून मला हवामानबदल पहिल्यांदा एखाद्या चवीच्या बाजूने समजला, आणि तो तसा समजणं फार जवळचं, फार टोचणारं असतं.

आता सिक्कीम. खरं तर इथूनच सुरुवात करायला हवी होती असं कधीकधी वाटतं, कारण क्राफ्ट बिअर, म्हणजे थोड्या प्रमाणात हौसेने केलेली बिअर, म्हणून आपण ज्याचं कौतुक करतो ते सगळं इथे कुणीही कौतुक न करता चालू आहे.

पश्चिम सिक्कीममध्ये युक्सोमजवळ लिंबू नावाच्या तिथल्या जमातीतल्या एका कुटुंबाच्या घरी आम्ही राहिलो होतो. संध्याकाळी पाऊस थांबला आणि थंडी हाडांत शिरली. घरातल्या आजींनी, त्यांना सगळे बोजू म्हणत, बांबूचं एक उभट भांडं माझ्यापुढे ठेवलं. वरून झाकण, झाकणाला भोक, भोकातून बांबूची बारीक नळी. आत धान्य, काठोकाठ. बोजूंनी किटलीतून उकळतं पाणी ओतलं आणि हाताने खूण केली: थांब. पाचेक मिनिटांनी नळी तोंडात धरली. नळीचं खालचं टोक बंद असतं, बाजूला बारीक चिरा असतात, त्यामुळे दाणे वर येत नाहीत. कोमट, किंचित आंबट, मागे एक अळंब्यांसारखा मातकट गोडवा, आणि छातीत पसरत जाणारी ऊब. ही तोंगबा. पाणी संपलं की पुन्हा ओतायचं. दोन-तीनदा चव उतरते, मग फिकी पडते.

मी झाकण काढून आत पाहिलं. लालसर, मोहरीएवढे दाणे. नाचणी! तिकडे तिला कोदो म्हणतात, पण दाणा तोच. माझ्या माहेरी, दापोलीजवळ, वरकस जमिनीवर आजोबा जी पेरायचे, जिची भाकरी आणि आंबील खाऊन आम्ही वाढलो, ती नाचणी हिमालयात बांबूच्या भांड्यात बसून माझी वाट पाहत होती. मी बोजूंच्या नातीला हे हिंदीत सांगितलं, तिने बोजूंना सांगितलं. बोजूंनी विचारलं, ‘मग तुमच्याकडे याचं पितात का?’ आंबील पितो, म्हटलं. पण ती वेगळी.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं दाखवलं. नाचणी शिजवायची, सुपावर पसरून निववायची, तिच्यावर मार्चाची पूड भुरभुरायची आणि टोपलीत पानांखाली झाकून ठेवायची. मग भांड्यात दडपून आठवडे मुरवायची. जितकी मुरेल तितकी चांगली. मार्चा म्हणजे तांदळाच्या पिठात रानातल्या मुळ्या-पाल्यांची पूड घालून केलेल्या वाळलेल्या टिकड्या. यीस्ट त्यातच असतं, आणि बुरशीही. ही बुरशी फार महत्त्वाची. धान्यातल्या पिष्टाची साखर झाल्याशिवाय यीस्टला खायला काही मिळत नाही. युरोपने ते काम मोडांकडून करून घेतलं, हिमालयाने बुरशीकडून. जुनी टिकडी नव्या पिठात थोडी चुरून नवी टिकडी करायची, म्हणजे वाण पुढे चालत राहतो. बोजूंना तो त्यांच्या आईकडून आलेला. ग्लासात काय आहे हे सांगणारं लेबल नाही, अल्कोहोलचा आकडा नाही. पण बामबेर्गच्या आजोबांनी विचारलं असतं, तर बोजूंनी अंगणापलीकडच्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेताकडे बोट दाखवलं असतं.

ईशान्येकडे आणि पूर्वेकडे हे ठिकठिकाणी आहे. झारखंड-ओडिशातली तांदळाची हंडिया, आसाम-अरुणाचलातली अपोंग, नागालँडची झुथो, लडाखची बार्लीची छांग. आसामच्या दिमासा लोकांच्या जुदिमाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा मला घरातल्या कुणाला बक्षीस मिळावं तसा आनंद झाला. या देशाला धान्याची बिअर ब्रिटिशांनी शिकवली असं अजूनही सहज बोललं जातं. कसौलीला ब्रुअरी त्यांनी काढली हे खरं, पण बोजूंची टिकडी कसौलीहून आलेली नाही.

परत आल्यावर मी पुण्यातल्या एका ओळखीच्या ब्रुअरपाशी हा विषय काढला. मुंढव्याच्या बाजूला त्याचं काम चालतं. तरुण आहे, रसायनशास्त्र शिकलेला, आणि बोलायला लागला की थांबत नाही. मी म्हटलं, बार्ली आपली नाही, हॉप्स आपल्या नाहीत, मग आपलं काय? तो म्हणाला, सुरुवात झाली आहे. ग्रेट स्टेट एलवर्क्स या ब्रुअरीने कोकम आणि मीठ घालून एल केली. ती मी प्यायलेय आणि उन्हाळ्यात तिच्याइतकं काही गोड लागत नाही, कारण कोकमाचा आंबटपणा बिअरमध्ये उपरा वाटत नाही. बंगळुरूत नाचणी वापरून पाहणारे आहेत. पण फळं-मसाले वरून घालणं सोपं, म्हणाला. पोटातलं धान्य बदलणं अवघड.

आणि मग त्याने ज्वारीचं नाव काढलं. १९८८ मध्ये नायजेरियाने बार्लीच्या माल्टची आयात बंद केली. मोठमोठ्या ब्रुअरींपुढे दोनच वाटा राहिल्या: टाळं लावा, नाही तर देशात पिकतं त्यातून बिअर करा. त्यांनी ज्वारीची केली, मक्याची केली, आणि कोट्यवधी लोक ती प्यायले. आफ्रिकेत ज्वारीची घरगुती बिअर तर पिढ्यान्‌पिढ्यांची आहेच. महाराष्ट्र हे देशातलं ज्वारीचं सगळ्यांत मोठं राज्य. मंगळवेढ्याच्या मालदांडीला भौगोलिक मानांकन आहे. आणि इथल्या एकाही बिअरच्या ग्लासात मला आजवर ज्वारी भेटलेली नाही.

अडचणी त्याने लपवल्या नाहीत. ज्वारीच्या पिष्टाला फुलायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते, आणि त्या उष्णतेला मोडांमधली साखर करणारी द्रव्यं मरतात. म्हणून दोन टप्प्यांत शिजवावी लागते. बार्लीला टरफल असतं, त्याचाच थर गाळणीचं काम करतो. ज्वारी उघडी, तिचा गिच्चा बसतो. मग भाताचं तूस मिसळावं लागतं. मोड आणून वाळवल्यावर कोंब आणि मुळं चोळून काढावी लागतात, कारण ज्वारीच्या कोवळ्या कोंबात विष असतं. कोवळ्या ज्वारीत गुरं सोडायची नाहीत हे प्रत्येक शेतकऱ्याला माहीत असतं. मोठ्या प्रमाणावर ज्वारीचं माल्ट करून देणारं कुणी त्याला अजून सापडलेलं नाही. ‘पण छोट्या टाकीत वीस टक्के ज्वारी घालून बघता येईल,’ तो म्हणाला. ‘पाच किलो माल्ट मिळालं पाहिजे फक्त.’

मी घरी येऊन आईंना विचारलं. नातवंडांसाठी मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व त्यांनीच वर्षानुवर्षं केलंय: भिजवणं, फडक्यात बांधणं, मोड आले की सावलीत वाळवणं. माल्ट म्हणजे तेच, म्हटलं, फक्त ज्वारीचं आणि पाच किलो. त्यांनी आधी विचारलं, मोड किती लांब हवेत. मग विचारलं, फडकं सुती चालेल ना. बिअरसाठी करायचंय हे ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, आणि म्हणाल्या, ‘वास घ्यायला मला बोलवाल ना तिकडे?’ रब्बीची ज्वारी निघाली की मंगळवेढ्याहून एक पोतं मागवायचं ठरलंय. ब्रुअरचा रोज फोन येतो आहे. त्याला मोडांचे फोटो आत्तापासूनच हवे आहेत, आणि ज्वारी अजून कणसात आहे.